चूक डोळ्यांना दिसायला हवी

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शस्त्रविक्रीच्या दुकानात एक कप्पा असा असतो, की तिथे नवखा माणूस गोंधळून जातो. तिथे बंदुका नसतात, प्लास्टिकचे डबे असतात. बुल्सआय, युनिक, टाइटग्रुप, एचएस-६, फिनलंडहून येणारी विहतावुओरी. ही सगळी बंदुकीची दारू. वापरून झालेली पितळी काडतुसे गोळा करून, स्वच्छ करून, पुन्हा घरीच भरणाऱ्या हौशी नेमबाजांसाठी ती विकली जाते. या छंदाला तिकडे ‘हँडलोडिंग’ म्हणतात. कायद्याने त्याला मुभा आहे आणि पैसे वाचतात म्हणून त्याला मोठा वर्ग आहे.

पिस्तुलाचे काडतूस भरणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न असतो, यातली कोणती दारू घ्यावी? उत्तरे ठरावीक मिळतात. हिने नेम चांगला लागतो, ती स्वस्त पडते, तिसरी स्वच्छ जळते, चौथी मापातून वाळूसारखी एकसारखी पडते. ही सगळी उत्तरे खरी आहेत. पण ज्या कसोटीवर हात, डोळा आणि कधी कधी जीव अवलंबून असतो, ती यात बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. ती कसोटी अशी : दारू भरताना चूक झाली, तर ती चूक डोळ्यांना दिसेल का?

कुकरपेक्षा हजारपट दाब

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, मध्ये दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकते.

पूर्वीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या आणि धुराच्या रूपात मागे राही. १८८४ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्येई यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि चित्र पालटले. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले. आजच्या पिस्तुलाच्या बऱ्याचशा दारूंमध्ये हे दोन्ही घटक असतात. हृदयविकाराच्या कळेवर जिभेखाली ठेवायच्या गोळीतही हेच नायट्रोग्लिसरीन असते. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी त्याचा हा उपयोग वैद्यकविश्वापुढे मांडला. रक्तवाहिन्या सैल करणारा हा पदार्थ दारू हाताळणाऱ्याच्या त्वचेतूनही शरीरात जाऊ शकतो आणि डोके ठणकवू शकतो. डबा मुलांच्या हाती लागू नये, याचे हे एक कारण.

बिनधुराच्या दारूचा खरा गुण, आणि खरा धोका, तिच्या जळण्याच्या रीतीत आहे. ती जितक्या दाबाखाली असेल तितकी वेगाने जळते आणि जितकी वेगाने जळेल तितका दाब वाढवते. म्हणजे आगीत तेल, आणि त्या तेलाने पुन्हा आग. त्यामुळे दारू दुप्पट भरली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, तो त्याच्या कितीतरी पुढे जातो.

किती दाबाचा हा मामला आहे? मोटारीच्या चाकात हवा ३२ पीएसआयच्या आसपास भरतात. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला होते. अमेरिकेत काडतुसांची मानके ठरवणाऱ्या ‘सामी’ या १९२६ साली स्थापन झालेल्या संस्थेने .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला १७,००० पीएसआयची मर्यादा घालून दिली आहे. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसाला ती ३५,००० आहे. म्हणजे .३८ चे सौम्य समजले जाणारे काडतूसही कुकरच्या हजारपट दाबाने काम करते, आणि तेही माणसाच्या मुठीत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

कुकरला शिट्टी असते. ती तुंबली तर वितळून मोकळी वाट करून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. स्वयंपाक करणाऱ्याचे कधीतरी लक्ष चुकणार, हे गृहीत धरूनच कुकर बनवलेला असतो. काडतुसाला असा व्हॉल्व्ह नाही. तिथे तो व्हॉल्व्ह माणसाला आधीच, दारू निवडताना बसवावा लागतो.

क्रोसिनच्या गोळीहून कमी

मात्रा किती लहान असते, हे लक्षात घेतल्याशिवाय धोका कळत नाही. दारू ग्रेनमध्ये मोजतात. हा जुना औषधविक्रेत्यांचाच काटा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ब्रिटिश अमदानीतल्या प्रमाणित तोळ्यात १८० ग्रेन बसत. पिस्तुलाच्या सरावाच्या काडतुसात साधारण तीन ते सहा ग्रेन दारू लागते, म्हणजे दोनशे ते चारशे मिलिग्रॅम. तापावर घेतल्या जाणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीपेक्षाही कमी. एवढ्याशा चिमटीत अर्ध्या-एक ग्रेनचा फरकही मोठा ठरतो.

आता .३८ स्पेशलचे काडतूस पाहा. १८९८ च्या सुमारास ते निघाले तेव्हा काळ्या दारूचे दिवस सरत आले होते, पण त्याची पितळी नळी काळ्या दारूच्या मापाने बेतलेली होती. तिच्यात सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावत असे. आज तीच नळी आहे, पण बुल्सआयसारखी वेगाने जळणारी दारू घेतली तर सरावासाठी तीन-चार ग्रेन पुरतात. नळीच्या तळाशी चिमूटभर दारू आणि वर मोकळी जागा. या जागेत चुकून दुसरी मात्रा पडली तरी नळी भरल्यासारखी वाटत नाही. मिणमिणत्या दिव्याखाली, शेकडो नळ्यांच्या रांगेत, फोन वाजल्यामुळे मध्येच उठलेल्या माणसाला ती वेगळी नळी दिसेलच असे नाही. नंतर तिच्या तोंडाशी गोळी दाबून बसवली की चूक कायमची आत बंद होते. ती बाहेर येते ती घोडा दाबल्यावर.

याउलट युनिकसारखी मोठ्या, हलक्या पापुद्र्यांची दारू तेवढ्याच कामासाठी जास्त जागा व्यापते. एखाद्या काडतुसात एकाच मात्रेने नळी निम्म्याहून अधिक भरत असेल, तर दुसरी मात्रा तोंडातून सांडते. तीच चूक इथे टेबलावर पसरलेली दिसते. माणूस शिवी हासडतो, नळी रिकामी करतो आणि पुढे जातो. एकच चूक एका दारूत हाताची बोटे घेते, दुसरीत फक्त टेबल पुसायला लावते.

एका सेंटचा हिशेब

मग लोक दाट, कमी जागा घेणारी दारू का निवडतात? पहिले कारण पैसा. एका पौंडाच्या डब्यात ७,००० ग्रेन असतात. चार ग्रेनच्या मात्रेने त्यातून १,७५० काडतुसे होतात, सहा ग्रेनने सुमारे १,१६६. डबा ४० डॉलरला धरला, तर पहिल्या दारूचा खर्च काडतुसामागे सव्वादोन सेंटच्या आसपास येतो आणि दुसऱ्या दारूचा साडेतीन सेंटच्या आत. फरक जेमतेम एका सेंटचा. गोळी, प्रायमर आणि पितळेच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. एका सेंटमध्ये मिळणारा हा विमा नाकारण्यात शहाणपण नाही.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. मोठ्या पापुद्र्यांची दारू मापातून एकसारखी पडत नाही. कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. बारीक, गोल कणांची दारू मात्र पाण्यासारखी वाहते आणि प्रत्येक मात्रा जवळजवळ सारखी देते. स्पर्धेत उतरणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा वाटतो आणि तो खरा आहे. पण दहाव्या हिश्श्याचा चढउतार आणि दुप्पट मात्रा या एकाच तराजूत घालण्याच्या गोष्टी नाहीत. तक्त्यातल्या कमाल मर्यादेपासून पुरेसे खाली राहणाऱ्याला पहिल्याने गुणांचा तोटा होईल. दुसरीने हातातले शस्त्र फुटू शकते.

तिसरा युक्तिवाद अनुभवी मंडळींचा. ‘लक्ष देऊन काम केले की चूक होतच नाही.’ वैद्यकशास्त्राने हा युक्तिवाद केव्हाच मोडीत काढला आहे. भूल देणाऱ्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे लहान सिलिंडर बसू नये म्हणून दोन्हींच्या जोडणीतल्या खुंट्यांची जागा वेगवेगळी ठेवली गेली. चुकीचे सिलिंडर तिथे बसतच नाही. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध शिरेतून दिले तर उपचार असतो आणि चुकून मणक्यात टोचले गेले तर बहुधा मृत्यू. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीतून द्यावे असे सांगितले. पिशवी मणक्याला लावण्याचा विचारच कुणी करत नाही. या दोन्ही ठिकाणी काम करणारे लोक प्रशिक्षित आणि दक्ष होते, तरी चुका झाल्या. उपाय सापडला तो दक्षतेचे आणखी धडे देऊन नाही, चूक करणेच अवघड करून. रुग्णालयातल्या तज्ज्ञांना जे लागू पडते, ते रात्री जेवण उरकून गॅरेजमध्ये छंद जोपासणाऱ्याला लागू पडणार नाही, असे मानायला आधार नाही.

नावांचेही तेच. सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या नावांमुळे औषधांची अदलाबदल होते, हे आरोग्य क्षेत्राला नीट ठाऊक आहे. हॉजडन या कंपनीच्या क्लेज, इंटरनॅशनल क्लेज आणि युनिव्हर्सल क्लेज या तीन दारू एकाच कुळातल्या वाटतात, पण तिघींचा जळण्याचा वेग वेगळा आहे. एकीची मात्रा दुसरीला चालत नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, काम संपले की मापातली उरलेली दारू त्याच डब्यात परत टाकायची आणि खूण नसलेली दारू नष्ट करायची, हा नियम कंपन्याही सांगतात. ‘रंगावरून ओळखली’ म्हणणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नये, हे बरे.

भरलेली नळी म्हणजे सर्व काही नव्हे

नळी जितकी जास्त भरेल तितके चांगले, असा सरसकट अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली एच-११० ही सावकाश जळणारी दारू नळी जवळजवळ भरून टाकते. तिची दुप्पट मात्रा मावणेच शक्य नाही. पण ती कमी भरलेलीही चालत नाही. तक्त्यातल्या मात्रेपेक्षा तीन टक्क्यांहून अधिक घट करू नये, अशी निर्मात्याचीच ताकीद आहे. कमी मात्रेत ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. नवख्या माणसासाठी अशी दारू नाही. ९ मिलिमीटरच्या आखूड नळीत तर गोळी जरा खोल बसली तरी आतली जागा आक्रसते आणि दाब झपाट्याने चढतो. तिथे दारूच्या निवडीइतकीच काडतुसाची एकूण लांबी मोजण्याला किंमत आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. नळीत दारू पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी निघते आणि बंदुकीच्या नळीत मध्येच रुतते. आवाज नेहमीसारखा ‘धाड’ न येता ‘फट्’ असा येतो. घाईत दुसरा बार काढला की पुढची वाट बंद आणि मागून नवा दाब. पापुद्र्यांची दारू इथेही मदत करते. रिकामी नळी आणि निम्मी भरलेली नळी यांतला फरक नुसत्या नजरेने कळतो. तळाशी चिमूटभर दारू असलेल्या नळीबद्दल तसे म्हणता येत नाही.

हे तत्त्व उद्योगाला ठाऊक नाही असेही नाही. जुन्या, मोठ्या पोटाच्या काडतुसांमध्ये हलका बार भरणाऱ्यांसाठी ‘ट्रेल बॉस’ नावाची दारू मुद्दाम भोक असलेल्या चकत्यांच्या आकारात बनवली गेली. जागा जास्त व्यापावी, म्हणजे दुप्पट मात्रा लपणार नाही, हा तिचा एक मोठा गुण. अशी दारू बनवता येते, विकली गेली आहे आणि लोक ती शोधत फिरले आहेत. मग मात्रांच्या तक्त्यांमध्येही सुधारणा व्हायला काय हरकत आहे? पिस्तुलांच्या बहुतेक तक्त्यांत दारूचे वजन, गोळीचा वेग आणि दाब असे रकाने असतात. ‘या मात्रेने नळी किती टक्के भरते’ असा एक रकाना त्यांत ठळकपणे यायला हवा. रायफलच्या काही पुस्तकांत अशी माहिती देतात. पिस्तुलाला, जिथे दुप्पट मात्रेची शक्यता खरी आहे, तिथे तिची गरज अधिक आहे. ग्राहकाने दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायला लागावे.

‘स्वच्छ’ दारूचा भ्रम

डब्यावरच्या ‘स्वच्छ जळते’ या शब्दांनीही एक घोटाळा होतो. स्वच्छ म्हणजे बंदुकीत काजळी कमी. त्याचा फुप्फुसांशी आणि रक्ताशी फारसा संबंध नाही. या छंदातले मुख्य विष शिसे. ते गोळीतून येते आणि बहुसंख्य प्रायमरमध्ये असणाऱ्या लेड स्टिफनेट या संयुगातूनही. दारू कितीही स्वच्छ घेतली तरी ते कमी होत नाही. वापरलेली पितळे कोरड्या भुशात घुसळून साफ करताना उडणारी धूळ शिशाने भरलेली असते. ती हातांवर, कपड्यांवर बसून घरात येते. मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी लक्ष घालावे, अशी पातळी अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये ठरवली. सुरक्षित म्हणावी अशी पातळी तर ज्ञातच नाही. पितळे ओल्या पद्धतीने धुणे, कामाच्या टेबलाशी खाणे-पिणे टाळणे, साबणाने हात धुणे, कपडे वेगळे ठेवणे आणि वर्षाकाठी रक्तातले शिसे तपासून घेणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

भारतात हा छंद घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. काडतुसे तयार होतात ती पुण्याच्या खडकीत १८६९ पासून चालू असलेल्या कारखान्यासारख्या ठिकाणी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यात .२२ ची काडतुसे वापरतात. त्यांचा पेटणारा मसाला काठातच असतो आणि घोडा तो काठ चेपतो, त्यामुळे ती सहसा पुन्हा भरली जात नाहीत. पण शिसे तिथेही आहे. बंदिस्त रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींच्या हवा खेळती ठेवण्याच्या सोयीकडे पालकांनी आणि संघटनांनी पाहायला हवे, ते त्यासाठी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाने हा छंद धरलाच, तर त्याच्यासाठी क्रम सरळ आहे. आधी निर्मात्याचा छापील तक्ता, मित्राची किंवा ओळखीच्याची ‘खात्रीची’ मात्रा नाही. मग त्या तक्त्यातून, आपल्या काडतुसाची नळी एका मात्रेने निम्म्याहून अधिक भरेल अशी दारू. सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत खालच्या मात्रेने. गोळी बसवण्याआधी प्रत्येक नळीत उजेड टाकून एक नजर. नेम, किंमत, काजळी यांचा विचार त्यानंतर. या क्रमात फार तर काही डॉलर जास्त जातील आणि दोन-चार गुण कमी पडतील. बोटे मात्र दहाच्या दहा राहतील.